बिनवासाची बाटली

आजकाल कुणाच्याही न्हाणीघरातली फळी पाहा. पूर्वी तिथे साबणाची एक वडी, पाय घासायचा दगड आणि शिकेकाईचा डबा एवढेच असायचे. आता बाटल्यांना जागा पुरत नाही. अंग धुवायचे बॉडी वॉश वेगळे, आंघोळीनंतरचे लोशन वेगळे, रात्री लावायचे क्रीम वेगळे, आणि प्रत्येकीवर कुठल्या ना कुठल्या फुलाचे, नाहीतर फळाचे चित्र.

आमच्या घरची फळीही अशीच. आम्ही तिघी जावा साताऱ्यात एकाच घरात राहतो. चूल एक, न्हाणीघर एक, त्यामुळे बाटल्याही सगळ्यांच्याच. साताऱ्याची थंडी कोरडी. दिवाळी झाली की ओठ फुटायला लागतात, पायांना भेगा पडतात. त्यात दिवसातून पाच वेळा वुजू. हात कोरडे व्हायला वेळ लागत नाही. म्हणून थंडीत लोशन ही आमच्याकडे चैनीची वस्तू नाही, मिठामिरचीसारखी गरजेची आहे.

पण गरजेच्या वस्तूतही हौस असतेच. आम्ही ठरवले की मोठी बाटली एकदम आणायची नाही. लहान आणायची, तिघींनी आठवडाभर वापरायची आणि मग निकाल द्यायचा. निकालाच्या वेळी आमच्या सासूबाई, म्हणजे अम्मी, काझी. अम्मींचे नाक भारी तीक्ष्ण. माळवदावर बसून खाली स्वयंपाकघरात हळद जास्त पडली की सांगणार. त्यांच्यासमोर मनगट धरायचे आणि निवाडा ऐकायचा.

लॅव्हेंडर त्यांना दवाखान्यासारखे वाटले. व्हॅनिलाचे लोशन मधलीने लावले तेव्हा लहान मुले तिच्यामागे ‘केक कुठे ठेवलाय’ म्हणून फिरली. कॉफीच्या वासाचे बॉडी वॉश अब्बांनी चुकून वापरले आणि बाहेर येऊन चहाऐवजी कॉफी मागितली. नारळाचे बरे, पण फोडणीच्या वासात मिसळले की दोन्ही बिघडते. गुलाबाच्या क्रीमला अम्मींनी एकच वाक्य दिले, ‘हा गुलाब कधी झाडावर नव्हता.’

अम्मींना हे कळायचे, कारण घरात खरा गुलाब होता. अब्बांना अत्तराचा शौक. मुंबईला गेले की मोहम्मद अली रोडकडे चक्कर ठरलेली. हिवाळ्यात शमामा, उन्हाळ्यात खस, ईदला गुलाब. कन्नौजला अत्तर कसे काढतात ते ते आम्हाला समजावून सांगत. तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी घालून खाली मंद आच ठेवायची, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरवायची, आणि भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते, ते त्या वाफेतला सुगंध धरून ठेवते. तिथे भाजलेल्या मातीचेही अत्तर निघते, पहिल्या पावसाच्या वासाचे. जुम्याला गुसल करून, पांढरा कुर्ता घालून, कानामागे बोट लावून अब्बा निघाले की जिन्यात तो वास मागे रेंगाळायचा.

गेल्या डिसेंबरमध्ये अब्बा अल्लाहला प्यारे झाले. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

पहिले तीन दिवस घरात कुणाला कशाचे भान नव्हते. चौथ्या दिवशी सकाळी अम्मींनी आम्हा तिघींना बोलावले आणि म्हणाल्या, ‘तुमचे तीन दिवस झाले. आंघोळ करा, कपडे बदला, अत्तर लावा.’ आम्हाला ते जड गेले. मोठी म्हणाली, ‘अम्मी, राहू द्या ना.’ तेव्हा त्यांनी हजरत उम्मे हबीबा (रजि.) यांची हकीकत सांगितली. वडील अबू सुफियान यांच्या निधनानंतर त्यांनी सुगंधी द्रव्य मागवले आणि आपल्या गालांना लावले. मला सुगंधाची गरज नाही, असे सांगून त्या म्हणाल्या की, पतीखेरीज इतर कुणासाठी स्त्रीने तीन दिवसांहून अधिक शोक पाळू नये, असे मी अल्लाहच्या प्रेषितांकडून (स.) ऐकले आहे. पतीसाठी मात्र चार महिने दहा दिवस. ‘तुमची मुदत वेगळी, माझी वेगळी,’ अम्मी म्हणाल्या.

आम्ही अत्तर लावले. डोळे पुसत लावले, पण लावले. आणि अम्मींनी आपल्या उशाजवळची कुपी आमच्या हातात दिली. ‘ही आत ठेवा.’

चार महिने दहा दिवसांची इद्दत म्हणजे घराबाहेर पडायचे नाही, साजशृंगार नाही, सुगंध नाही, हे आम्हाला माहीत होते. कुपी कपाटात ठेवली की सुगंध बंद झाला, असेच कुणालाही वाटेल. पण आठच दिवसांत अम्मींच्या हातांना भेगा पडल्या. थंडी ऐन भरात होती. त्यांना मधुमेह आहे, टाचा आधीच फुटलेल्या. मधुमेहात पायाची साधी भेग चिघळायला वेळ लागत नाही, हे डॉक्टरांनी पूर्वीच बजावलेले. आम्ही फळीवरची एक बाटली उचलली, मग दुसरी, मग तिसरी. अकरा बाटल्या निघाल्या. अकराही वासाच्या. अगदी लहान बाळाचे लोशनही. त्याला आपण ‘बाळाचा वास’ म्हणतो, तोही बाटलीतच घातलेला असतो.

आजीच्या वेळचा उपाय आठवला, ग्लिसरीन आणि गुलाबपाणी. पण गुलाबपाणी कसे चालणार?

धाकटीच्या दिरांनी, म्हणजे आमच्यातल्या मोठीच्या यजमानांनी, मुफ्तीसाहेबांना फोन करून विचारले. ते म्हणाले, बिनवासाचे मलम गरजेसाठी, औषध म्हणून लावायला हरकत नाही. दुखणे सहन करत बसायला दीनने सांगितलेले नाही. सुगंध आणि सजावट यांच्यापासून दूर राहायचे आहे, उपचारापासून नाही. मन हलके झाले. आता प्रश्न एवढाच की बिनवासाचे मिळते कुठे?

इथे मधलीची मुलगी उपयोगी पडली. ती फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने आम्हाला बाटली उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचायला शिकवले. ते इतर घरांतही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

घटकांच्या यादीत जे सर्वांत जास्त असते ते आधी लिहितात. बहुतेक लोशनमध्ये पहिले नाव पाण्याचेच असते. लोशनमध्ये पाणी जास्त, क्रीममध्ये तेलाचा अंश जास्त, म्हणून फुटलेल्या टाचेला लोशनपेक्षा घट्ट क्रीम बरे. ग्लिसरीन त्वचेत पाणी ओढून धरते, पेट्रोलियम जेली वरून झाकण घालते म्हणजे ते पाणी उडून जात नाही. खरे काम या दोघांचे. मग यादीच्या शेवटाकडे ‘परफ्युम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ असा एक शब्द येतो. शब्द एक, पण त्याच्या आत कितीतरी द्रव्ये असू शकतात. बाटलीवर चित्र गुलाबाचे असो की आंब्याचे, वास याच शब्दातून येतो. त्वचेला मऊ करण्यात त्याचा काही वाटा नसतो.

उलट काही जणांना त्याचाच त्रास होतो. सुगंधी द्रव्यांमुळे अंगावर पुरळ येणे, खाज सुटणे हे त्वचेच्या डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. युरोपात अशा २६ द्रव्यांची नावे वेगळी छापायचा नियम बरीच वर्षे आहे, आणि २०२३ मध्ये ती यादी ८० च्या पुढे नेली. तीच नावे आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांवरही दिसतात. लिनालूल, लिमोनीन, जिरॅनिऑल. यातले पहिले लॅव्हेंडरमध्ये असते, दुसरे संत्र्याच्या सालीत, तिसरे गुलाबात. म्हणजे ‘नैसर्गिक’ लिहिले म्हणून त्वचा निर्धास्त झाली असे नाही. कोणतेही नवे क्रीम असो, कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, आठ-दहा दिवस लावून पाहावे. काही झाले नाही तर मग सगळीकडे.

आणखी दोन शब्दांत फरक आहे. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ म्हणजे सुगंधी द्रव्य घातलेलेच नाही. ‘अनसेंटेड’ म्हणजे वास येत नाही, पण मूळ घटकांचा वास झाकण्यासाठी दुसरे सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते. म्हणून पुढचे नाव न वाचता मागची यादी वाचायची. ‘सेटाइल अल्कोहोल’, ‘सेटिअरिल अल्कोहोल’ ही नावे पाहून पुष्कळ भगिनी बाटली परत ठेवतात. ते मेणासारखे घट्ट पदार्थ आहेत, दारूशी त्यांचा संबंध नाही. ‘अल्कोहोल डिनॅट’ लिहिले असेल तर ते मात्र इथेनॉल. त्याबाबत उलमांची मते वेगवेगळी आहेत, ज्यांनी त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. ग्लिसरीन वनस्पती तेलापासूनही निघते आणि जनावराच्या चरबीपासूनही, आणि ते यादीवरून कळत नाही. शंका असेल तर कंपनीला विचारावे.

शेवटी औषधाच्या दुकानात बिनवासाचे क्रीम मिळाले. सोबत साध्या पांढऱ्या पेट्रोलियम जेलीची डबी. बाटलीवर ना फूल, ना फळ. आम्ही वेळ ठरवून घेतली. इशाच्या वुजूनंतर हातपाय टिपून, पण किंचित ओलसर असतानाच क्रीम लावायचे, त्यावर टाचांना जेली, मग सुती मोजे. बोटांच्या बेचक्यात काही लावायचे नाही, तिथे ओल राहिली की बुरशी धरते. रोज एकीची पाळी. अम्मी नको म्हणायच्या, ‘मी लावते ना माझी.’ पण त्यांना वाकता येत नव्हते.

त्या पाळीत आम्हाला अम्मी वेगळ्या भेटल्या. दिवसा त्या तस्बीह घेऊन गप्प बसायच्या. पाय आमच्या मांडीवर आले की बोलायच्या. अब्बांनी लग्नानंतर पहिली कुपी कुठून आणली, पगार किती होता, त्या कुपीवरून त्यांच्या सासूबाई किती रागावल्या होत्या. वास कशाचाच नव्हता, आणि आम्हाला वाटते, म्हणूनच त्या इतक्या बोलू शकल्या. दुसरा कुठला वास मध्ये आला असता तर कदाचित बोलणे त्याच्यावर गेले असते.

एक गोष्ट आम्हाला त्या साडेचार महिन्यांत उमगली. अत्तर आपण ठरवून लावतो. ईद आहे, जुमा आहे, घरात आनंद आहे, म्हणून कुपी उघडतो. नको तेव्हा ती बंद राहते. लोशनचे तसे नाही. त्वचेला ते रोज हवे, आणि त्यात वास मिसळून टाकला की वासही रोजचा होतो, मागो अगर न मागो. तो इद्दतीतल्या बाईच्या अंगावर चढतो, इहराममधल्या हाजींच्या हातावर चढतो, बाजारात जाताना, बसमध्ये बसताना आपल्याबरोबर येतो. आपल्या दीनने स्त्रीला सुगंध घरात मोकळा ठेवला आहे आणि बाहेर आवरायला सांगितले आहे. तो आवरायचा तर आधी वेगळा हवा. क्रीममध्ये कालवलेला सुगंध आवरायचा कसा?

म्हणून आता आमच्याकडे दोन्हींची वाटणी झाली आहे. बेसिनजवळ बिनवासाची मोठी बाटली, ती सगळ्यांची. सुगंध कपाटात, कुपीत. फळीवरच्या जुन्या बाटल्या आम्ही फेकल्या नाहीत, पैसे घालून आणल्या आहेत, आम्ही तिघी घरात वापरून संपवतो आहोत. धाकटीचा कोकोच्या वासावर अजून जीव आहे आणि त्याला कुणाची ना नाही. मोहल्ल्यातले एक जोडपे उमऱ्याला निघाले तेव्हा त्यांच्या सामानात आम्ही तेच बिनवासाचे क्रीम आणि साबण घातला. तिथली कोरडी हवा, दिवसभराचे चालणे, आणि इहराममध्ये सुगंध वर्ज्य. ऐनवेळी तिकडे शोधत बसण्यापेक्षा इथूनच नेलेले बरे.

एप्रिलच्या अखेरीस अम्मींची इद्दत पुरी झाली. ऊन तापले होते. टाचा एव्हाना लोण्यासारख्या मऊ झालेल्या. अम्मींनी गुसल केले आणि कपाटातून खसची कुपी मागितली. हिवाळ्याच्या शमामाला त्यांनी हात लावला नाही. खस हे उन्हाळ्याचे अत्तर, अब्बा या दिवसांत तेच लावत. एक थेंब मनगटावर घेऊन त्या बराच वेळ खिडकीशी बसल्या. आम्ही कुणी निकाल विचारला नाही.

रात्री नेहमीप्रमाणे त्यांनी पाय पुढे केले. ऋतू बदलला होता, क्रीमची तेवढी गरज नव्हती. पण पाळी मोठीची होती आणि तिने बाटली आणलीच.

अल्लाह अब्बांची मगफिरत करो, आणि अम्मींना सेहत व आफियत देवो. आपणही दुआ कराल, ही विनंती.