अरे, जरा कॉम्प्युटर बघतोस का?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी जी मुलं विशीत होती, त्यांना लग्नकार्यात एक वेगळाच मान असे. पंगतीत वाढायला त्यांना कुणी बोलवत नसे, पण जेवणं आटोपली की आतल्या खोलीतून हाक यायची, "अरे, जरा कॉम्प्युटर बघतोस का? कालपासून नुसताच गुरगुरतोय." आम्ही हात पुसत उठायचो. पात्रता म्हणाल तर फार नव्हती. कुणी बीकॉमला, कुणी डिप्लोमाला, एखादा तर बारावीलाच मुक्काम ठोकून बसलेला. पण घरी संगणक होता आणि त्याचं झाकण उघडलेलं एकदा पाहिलं होतं, एवढं भांडवल पुरायचं.

आता हाक येत नाही. ज्या काकूंकडे आम्ही जायचो, त्या पंच्याहत्तरीत फोनवरून विजेचं बिल भरतात, भाजीवाल्याचा क्यूआर कोड स्कॅन करतात आणि अडलं तर फोनलाच विचारतात. फोन मराठीत उत्तर देतो आणि तेच पाचव्यांदा विचारलं तरी कंटाळत नाही. आम्ही कंटाळायचो आणि तसं चेहऱ्यावर दाखवायचोही. सल्ला देण्याचं काम आमच्या हातून गेलं हे काकूंच्या दृष्टीने बरंच झालं. तरी आम्हाला हळहळ वाटते. ती जुन्या संगणकासाठी आहे की आपल्याला आता कुणी विचारत नाही म्हणून, याची आमची आम्हालाच खात्री नाही. पुढचं वाचताना तेवढं ध्यानात असू द्या.

आमचा पहिला सल्ला ठरलेला असे: ब्रँडेड घेऊ नका, असेंबल करून घ्या. मग रविवारऐवजी एखादा शनिवार पकडून (रविवारी निम्मी दुकानं बंद) ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडला जायचं. या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने पत्ता विचारला असता तर कुणी सांगितला नसता. हातात एक कागद: मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट. एका दुकानात कोटेशन घ्यायचं, ते दुसऱ्यात दाखवायचं, दुसऱ्याचं तिसऱ्यात. चार तास पायपीट करून तीनशे रुपये वाचायचे आणि त्यातले दीडशे वडापाव, सरबत आणि मॉनिटर घरी नेण्याच्या टॅक्सीत जायचे. बिल घ्यायचं नाही, कारण बिल घेतलं की टॅक्स. वॉरंटी म्हणजे दुकानदाराचं व्हिजिटिंग कार्ड.

आणि मतं! इंटेल की एएमडी, यावर मैत्री तुटेपर्यंत वाद व्हायचे. "एएमडी तापतो," असं ज्यांनी एएमडी कधी पाहिलाही नव्हता तेही ठणकावून सांगायचे. आता तटस्थपणे बघता, त्यात तथ्य होतं. त्या काळचा अ‍ॅथलॉन वरचा हीटसिंक काढला तर काही सेकंदांत जळायचा. पण चालू संगणकाचा हीटसिंक कोण काढतं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. दुसऱ्या बाजूला तीनशे मेगाहर्ट्झचा सेलेरॉन साडेचारशेवर पळवणारे बहाद्दर होते. त्या वेगाचं ते काय करायचे, तर सॉलिटेअर खेळायचे.

आता लॅपटॉप दोन दिवसांत दारात येतो. त्याच्याखाली हजारो लोकांचे अभिप्राय असतात, तारे असतात, तुलनेचे व्हिडिओ असतात. आमच्या ऐकीव माहितीपेक्षा ते शंभर पटींनी भरवशाचे. मात्र त्या हजारांतला एकही अभिप्रायकर्ता मशीन बंद पडल्यावर तुमच्या घरी येणार नाही. आम्हाला यावं लागायचं. ज्याने घ्यायला लावला त्यानेच निस्तरायचा, असा अलिखित करार होता आणि त्यामुळे आमच्या सल्ल्याला, तो चुकीचा असला तरी, एक मालक होता. "तूच म्हणाला होतास ना रे?" हे वाक्य ऐकायची तयारी असल्याशिवाय कुणी फार बोलत नसे. निदान दुसऱ्यांदा तरी.

त्या निस्तरण्याचेही विधी होते. संगणक सुरू होत नाही, नुसता लांबलचक बीप देतो, अशी तक्रार आली की आम्ही गंभीर चेहऱ्याने कॅबिनेटचे स्क्रू काढायचो, रॅमची पट्टी उपसायचो आणि काकूंच्या नातवाकडे खोडरबर मागायचो. पट्टीच्या सोनेरी दातांवरून ते रबर हळूहळू फिरवायचं, फुंकर मारायची, पट्टी परत खटकन बसवायची. दहातल्या सात वेळा संगणक चालू व्हायचा. दातांवर साचलेला मळ निघून संपर्क पूर्ववत व्हायचा, यापलीकडे त्यात काही नव्हतं. पण घरातल्या माणसांच्या नजरेत आम्ही त्या क्षणी धन्वंतरी. मग माउस उलटा करून त्यातली गोळी काढायची, आतल्या रोलरवर जमलेला काळा थर नखाने खरवडायचा. तोवर पोहे यायचे. पोह्यांवर ओलं खोबरं असलं तर मशीन खूप दिवस बंद होतं असं समजावं.

आजच्या लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा बोर्डावरच डकवलेली असते. खोडरबर घेऊन जायचं कुठे? बिघडला तर सर्व्हिस सेंटर, तिथे टोकन, तिथे एसी, आणि तीन दिवसांनी निरोप: बोर्ड बदलावा लागेल, नवाच घेतलात तर परवडेल. हेही कबूल केलं पाहिजे की तो लॅपटॉप मुळात क्वचितच बिघडतो. आमचे बिघडायचे म्हणून तर पोहे मिळायचे.

सगळ्यात मोठा विधी म्हणजे फॉर्मॅट मारणे. कशावरही उपाय सापडला नाही की फॉर्मॅट. म्हणूनच प्रत्येक घरात आमचा दुसरा सल्ला कोरलेला असे: सी ड्राइव्हमध्ये काही ठेवू नका, सगळं डीमध्ये. नातवंडांचे फोटो डीमध्ये, पत्रिकेची फाइल डीमध्ये, सोसायटीचे हिशेब डीमध्ये. मग विंडोजची सीडी घालायची. ती कुणाची होती, हे विचारायचं नाही. मार्करने वर 'एक्सपी' लिहिलेली असे आणि तिची पंचवीस अक्षरांची किल्ली, जी 'एफसीकेजीडब्ल्यू'ने सुरू व्हायची, आम्हाला पाढ्यासारखी पाठ होती. पाऊण तास निळ्या पडद्यासमोर बसून राहायचं. त्या पाऊण तासात काकांशी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलणं व्हायचं, आणि त्यातला मोठा विषय म्हणजे मायक्रोसॉफ्टची मक्तेदारी. चोरीची सीडी फिरत असताना आम्ही बिल गेट्सच्या लोभावर व्याख्यान द्यायचो. यातली विसंगती तेव्हा काकांना दिसली नाही, आम्हालाही नाही.

आज सॉफ्टवेअर चोरायची गरज नाही, कारण ते बहुधा विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं. दरमहा पैसे, नाहीतर फाइल उघडते पण बदलता येत नाही. आम्ही चोर होतो, आता प्रामाणिक भाडेकरू झालो आहोत. प्रगतीच म्हणायची.

आमच्यातले जे जहाल होते ते लिनक्स या मुक्त प्रणालीकडे गेले. 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर सीडी यायची. पुढे २००४ नंतर उबुंटूवाले तर अर्ज केला की परदेशातून फुकट सीडी घरपोच पाठवायचे, टपालखर्चसुद्धा त्यांचाच. पोस्टमन ते पाकीट देताना संशयाने बघायचा. लिनक्स चढायचं, पडदा सुंदर दिसायचा आणि इंटरनेट लागायचं नाही. कारण स्वस्त संगणकांतले मोडेम अर्धं काम विंडोजकडून करून घ्यायचे. ते लिनक्सवर कसे चालवावेत याची माहिती होती, पण ती इंटरनेटवर. म्हणजे परत विंडोज, परत फॉर्मॅट. तरीही स्वातंत्र्य, मालकी, सरकारी कामकाजात कुठली प्रणाली असावी, यावर आम्ही रात्र रात्र भांडलो. केरळच्या शाळा मुक्त सॉफ्टवेअरकडे वळल्या तेव्हा आम्हाला आपलाच विजय झाल्यासारखं वाटलं. इकडे महाराष्ट्र एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्रासाठी रांगेत उभा होता, तीही विंडोजच्या खिडकीसमोर.

त्या लढाईचा निकाल गमतीदार लागला. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. २०१६ मध्ये त्याच कंपनीने विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय केली आणि २०१८ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं माहेरघर असलेलं गिटहब साडेसात अब्ज डॉलरना विकत घेतलं. खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. म्हणजे आम्ही जिंकलो. फक्त जिंकलेल्या मशीनचं झाकण आम्हाला उघडता येत नाही.

धास्तीच्या बाबतीत दोन्ही काळ सारखेच. २६ एप्रिल १९९९ ला चेर्नोबिल व्हायरस हार्ड डिस्क पुसणार आणि बायोससुद्धा मारणार, ही बातमी खरी होती. त्यावरचा आमचा उपाय होता आदल्या रात्री संगणकाची तारीख दोन दिवस पुढे ढकलायची. त्याच सुमारास, पुण्यात पूर्वी कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांचा क्विक हील अँटिव्हायरस घरोघरी पोचत होता, म्हणून पुष्कळ डी ड्राइव्ह वाचले. पण 'ही मेल पुढे पाठवा, बिल गेट्स पैसे देईल' हेही आम्हीच पुढे पाठवलं होतं. तेव्हा आज काका सकाळी सातला 'ही लिंक उघडलीत तर फोन फॉर्मॅट होईल' असं पाठवतात, त्यावर हसण्याचा आम्हाला अधिकार नाही. फरक एवढाच की आजच्या खोट्या फोनवर 'डिजिटल अरेस्ट' झालेल्या माणसाची आयुष्यभराची पुंजी जाते. आमच्या व्हायरसने फार तर सहलीचे फोटो जायचे.

राजकारणही बदललं. आमच्या वडिलांच्या पिढीत संगणक म्हणजे नोकरी खाणारा, हे मत घेऊन बँकांतल्या आणि विम्यातल्या संघटना रस्त्यावर उतरत. १९८४ मध्ये रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला, तोही अमलात आला तो संघटनांशी घासाघीस करत, शाखेशाखेत किती यंत्रं यावीत याच्या वाटाघाटी करत. आम्ही वडिलांना तेव्हा मागासलेले म्हणायचो. आज कृत्रिम बुद्धिमत्ता आमच्या मुलांच्या नोकऱ्यांकडे बघते आहे आणि मोर्चा फारसा कुठे दिसत नाही. जो तो 'एआयला घाबरू नका, शिकून घ्या' हा सल्ला दुसऱ्याला पाठवतो आहे. निदान वडिलांनी समोर बसून करार तरी केला होता.

एकदा मात्र आम्हीही लढलो. २०१५ च्या एप्रिलमध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी दूरसंचार नियामक ट्रायकडे दहा लाखांवर ईमेल गेल्या. बहुतेक मजकूर आयता होता हे खरं, पण आमच्यातल्या कित्येकांनी ट्रायचा कंटाळवाणा सरकारी मसुदा खरोखर वाचला होता. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावायला बंदी घातली आणि निवडक संकेतस्थळं मोफत देणाऱ्या फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स'ला गाशा गुंडाळावा लागला. तो आमचा शेवटचा ठाम दिवस असावा. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपने अटी बदलल्या म्हणून सगळं घर सिग्नलवर गेलं आणि महिन्याभरात, वाढदिवसाच्या शुभेच्छा तिकडे मिळत नाहीत म्हणून, परत आलं. २०२५ मध्ये स्वदेशी म्हणून अराट्टाई अ‍ॅप उतरवून घेतलं. कुटुंबाचा ग्रुप अजून व्हॉट्सअ‍ॅपवरच आहे.

जुन्या मराठी फाँटबद्दल मात्र काडीचीही हळहळ नाही. शिवाजी फाँटमधली पत्रिका श्रीलिपीच्या संगणकावर उघडली की चि. सौ. कां.च्या जागी चौकोन आणि डॉलर यायचे. युनिकोडने ते संपवलं, छान केलं.

आणखी एक गोष्ट आम्ही आठवणी काढताना सोयीने गाळतो. हाक नेहमी मुलालाच यायची. त्याच घरात एमएस-सीआयटी केलेली, आमच्यापेक्षा नेटकं टाइप करणारी, अडचण बरोबर ओळखणारी बहीण असायची. तिने "बहुतेक रॅम सैल झाली असेल" म्हटलं तरी कॅबिनेट उघडायला थांबायचं ते आमच्यासाठी. पोहे करायला ती आत जायची. आज तीच कुठेतरी क्लाउड सांभाळते आणि तिला कुणाच्या परवानगीची गरज लागत नाही. केवळ या एका कारणासाठीसुद्धा जुना काळ परत येऊ नये.

तरीही दसऱ्याला काही चुकल्यासारखं होतं. सीपीयूला हळदकुंकू, मॉनिटरवर झेंडूचा हार, कीबोर्डवर आपट्याचं पान. आता फोनची पूजा करावी तर दर पाच मिनिटांनी तो पूजेतून उचलावा लागतो.

असो. एक कामाचं सांगतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० साठीच्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो, म्हणून अनेक धडधाकट संगणक एका तारखेने जुने ठरले. तुमच्याकडे असा असेल तर भंगारात घालू नका. उबुंटू किंवा लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर उतरवून घ्या आणि चढवून बघा. बहुतेक ठिकाणी वायफाय आता पहिल्या झटक्यात लागतं. फक्त त्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे काढून ठेवा. या वेळी डी ड्राइव्ह वाचेलच असं नाही.