दोन पट्ट्या

जानेवारीत आमच्या परभणीत पारा कधी कधी पाच-सहा अंशांवर येतो. मग कृषी विद्यापीठाने नोंदवलेल्या आकड्यावर टपरीवर दोन कप चहाइतकी चर्चा होते. बर्फ मात्र आम्हाला भेटतो तो उसाच्या रसात, नाहीतर लग्नातल्या पाण्याच्या ड्रममध्ये. तरी रात्री मोबाइलवर स्नोबोर्डची शर्यत पाहत बसलो. उतारावर दोघे शेजारीशेजारी सुटतात, एक लाल झेंड्यांतून, दुसरा निळ्या. भाचा वाकून म्हणाला, "मामा, हा तर शंकरपट की!"

शंकरपट म्हणजे छकड्याला जुंपलेल्या बैलजोड्यांची शर्यत, तीही दोन पट्ट्यांवर. पोरगं चुकलं नव्हतं.

*

या प्रकाराला पॅरलल जायंट स्लॅलम म्हणतात. स्नोबोर्ड ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला तो 1998 ला, जपानच्या नागानोत. तेव्हा एकेक जण घड्याळाविरुद्ध उतरायचा. 2002 पासून जोडीने सोडू लागले आणि खेळाला रंग चढला. घड्याळ कुणाला दिसत नाही, शेजारचा दिसतो. पटाच्या मैदानावर माणसं उन्हात तासन् तास उभी राहतात तीही त्यासाठीच.

*

दोन पट्ट्या शेजारी आखल्या की भांडण आलंच. कुठली पट्टी पळती, कुठली जड? आमच्याकडे चिठ्ठी टाकतात. निघाली ती पट्टी, पुढं नशीब. बनी तो बनी, नहीं तो परभणी.

बर्फवाल्यांनी यावर डोकं चालवलं आहे. पात्रता फेरीत प्रत्येकाला दोनदा उतरावं लागतं, एकदा लाल पट्टीवर आणि एकदा निळ्या. दोन्ही वेळांची बेरीज करून पहिले सोळा निवडतात. तिथून पुढे मात्र एकास एक, हरला तो घरी. या बाद फेरीत पूर्वी पट्ट्या बदलून दोनदा पळवत, आता एकदाच पळवतात. पात्रतेत ज्याची वेळ सरस, त्याने आपली पट्टी निवडायची. म्हणजे सकाळी घाम गाळला त्याला दुपारी पट्टी. चिठ्ठीपेक्षा हे मला जास्त पटतं. आपल्या पट कमिट्यांनी एकदा करून पाहायला हरकत नाही.

*

काळ्या रानात पट्टी करणं हे बर्फात करण्यापेक्षा सोपं असेल असं कुणी समजू नये. आमची माती पावसात बुटाला शेर-शेर चिकटते आणि उन्हाळ्यात तिला पाय मुरगळतील एवढ्या भेगा पडतात. पट सुगी सरल्यावर, या दोन्हींच्या मधल्या दिवसांत. आधी वखर, मग ढेकळं फोडायला फळी, मग बेताचं पाणी शिंपडून दाबायचं. पाणी जास्त झालं तर वर पापडी धरते, ती खुराखाली फुटते आणि बैल बिचकतो. कमी झालं तर पहिल्या चार जोड्यांतच फुफाटा, मागच्यांना समोरचं दिसत नाही. शेवटच्या खुणेपलीकडचं रान मात्र मुद्दाम मऊ, नांगरलेलं ठेवतात. पळवणं सोपं असतं, थांबवायला जमीनच कामाला येते.

आमच्या गावच्या पटात एका म्हाताऱ्या धुरकऱ्याच्या शेजारी उभा होतो. एकाच बाजूच्या जोड्या लागोपाठ जिंकत होत्या. लोक बैलांची नावं घेऊन ओरडत होते. बाबा पान चघळत म्हणाले, "जोडी नाही पळायली रे, पट्टी पळायली." बाकीच्या सगळ्या आरड्याओरड्यात कामाचं एवढं एकच वाक्य ऐकलं.

*

बर्फाची पट्टीही रोज घडवावीच लागते. बीजिंगच्या 2022 च्या ऑलिंपिकला तर जवळजवळ सगळा बर्फ यंत्राने केलेला होता. शर्यतीला भुसभुशीत बर्फ चालत नाही, टणक लागतो, नाहीतर पहिल्या दहा जणांनी वळणावर खड्डे पाडले की अकराव्याचं कर्म फुटलं. ऊन चढून वरचा थर मऊ झाला तर त्यावर मीठ फेकतात. मिठाने वरचा बर्फ थोडा वितळतो, वितळताना खालच्याची उष्णता ओढून घेतो आणि थर पुन्हा घट्ट धरतो. ऐकायला उफराटं वाटतं, पण आपला मटका कुल्फीवाला बर्फात खडे मीठ टाकतो ते दुसरं काय असतं?

*

झेंडे रोवणाऱ्याला विसरू नये. झेंड्यांच्या एका दारापासून दुसरं दार वीस ते सत्तावीस मीटर, एकूण उतार उभा मोजला तर 120 ते 200 मीटर. दारं जवळ आणली की वळणात तरबेज असलेला जिंकतो, लांब ठेवली की वजनदार आणि धीट माणूस. याचाच आखूड भाऊ पॅरलल स्लॅलम, तिथं दारं दहा ते चौदा मीटरवर. तो ऑलिंपिकमध्ये एकदाच झाला, 2014 ला सोचीत. अमेरिकेत जन्मलेला आणि रशियाकडून उतरलेला व्हिक वाइल्ड त्या वर्षी दोन्ही जिंकला. म्हणजे लांबची दारं असोत की जवळची, गड्याला फरक पडला नाही. असे बैलही असतात, पण थोडे.

*

मला सगळ्यात भावलेली गोष्ट वेगळीच. स्नोबोर्डवर माणूस आडवा-तिरपा उभा असतो, कुणाचा डावा पाय पुढे, कुणाचा उजवा. त्यामुळे एका बाजूचं वळण बोटांवर भार देऊन घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूचं टाचेवर. दोन्ही सारखी येत नाहीत. डोंगराचा उतारही कुठेतरी एका अंगाला झुकलेला असतोच. म्हणजे झेंडे टेपने मोजून रोवले तरी डाव्या पायाच्या गड्याला आणि उजव्या पायाच्या गड्याला ती पट्टी एकच नसते.

शेतकऱ्याला हे सांगायला नको. जोडीतला प्रत्येक बैल आपल्या बाजूचा असतो. उजवीकडचा डावीकडे जुंपला की मान टाकतो, नाहीतर शेजाऱ्याला रेटतो. गाभण गाय विकत घेताना माणूस दहा गोष्टी विचारतो, बैल घेताना आधी विचारतो, "कोणत्या बाजूला चालतो?"

*

आता हत्यारं. या शर्यतीची फळी उड्या मारणाऱ्या पोरांच्या फळीसारखी नसते. लांब, अरुंद, पुरुषांची जवळजवळ 185 सेंटीमीटरची. बूट स्कीसारखे कडक आणि पाय फळीवर एवढे तिरके बांधलेले की बोटं जवळपास पुढेच रोखलेली. आत अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पातळ पत्रे घालतात. फळी हलकी व्हावी म्हणून नव्हे, टणक बर्फावर ती थरथरू नये म्हणून. थरथरली की कड सुटते, कड सुटली की माणूस आडवा.

छकड्याचंही असंच. नव्या पोरांना वाटतं, जेवढा हलका तेवढा चांगला. पण फार हलका छकडा ढेकळावरून उडतो, एक चाक हवेत गेलं की जू एका मानेवर येतं आणि सरळ चाललेली जोडी तिरपी होते. जुनी माणसं आख, आरे आणि धाव यांत काटकसर करत नसत, साटीत करत. वजन जमिनीजवळ राहायचं, वर नाही. वंगणाचा नळा तर हवाच. तिकडेही फळीच्या पोटाला मेण चोपडतात. त्यातलं फ्लोरीनचं मेण 2023-24 च्या हंगामापासून बंद केलं, कारण ते निसर्गात वर्षानुवर्षं विरत नाही.

हत्याराचं कौतुक करताना एस्टर लेडेत्स्काची आठवण ठेवावी. झेक प्रजासत्ताकाची ही मुलगी 2018 ला प्योंगचांगमध्ये स्कीच्या सुपर-जी शर्यतीत उतरली ती मिकाएला शिफ्रिन या अमेरिकी खेळाडूच्या जुन्या स्कीवर. सेकंदाच्या शंभराव्या भागाने सुवर्ण जिंकली. आठवड्याने आपल्या स्वतःच्या हत्यारावर, म्हणजे स्नोबोर्डवर, पॅरलल जायंट स्लॅलमही जिंकली. एकाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये या दोन्ही खेळांत सुवर्ण घेणारी ती पहिली. शंभरावा भाग म्हणजे किती? ताशी 60 किलोमीटर धरले तर साडेसोळा सेंटीमीटरच्या आसपास. वीतभरही नाही.

*

एवढी तुलना केली तरी फळीला भूक लागत नाही आणि पराणी टोचली तर दुखत नाही. आपल्याकडे 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या त्या या कारणाने. राज्याने 2017 ला कायद्यात दुरुस्ती केली, 16 डिसेंबर 2021 ला न्यायालयाने शर्यतींना अटींसह वाट दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने ती दुरुस्ती कायम केली. आता पट्टी हजार मीटरच्या आत, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, काठी-चाबूक बंद. बंदीच्या काळात चोरून पट होत आणि तिथंच बैलांचे सगळ्यात जास्त हाल होत, असं मी ऐकून आहे. नियम हवेत. पण काठीवर लक्ष ठेवणारा पट्टीकडे बघत नाही. वाईट पट्टीवर काठी न मारताही बैलाचा पाय मोडतो.

*

18 मे ही आमच्या कृषी विद्यापीठाच्या स्थापनेचीही तारीख, 1972 ची. तिथे पशुशक्तीच्या वापरावर एक योजना चालते. बैलाने ओढायच्या अवजारांना ओढ किती लागते ते तिथं मोजतात. आमची लाल कंधारी जात मूळ ओढकामाची, पळायला खिलार सरस, हे पटवाले मान्य करतात, फक्त आपल्या गावाबाहेर.

ओढ मोजणारे आहेत, पण जुन्या छकड्यांचं वजन, आखाची लांबी, धावेची रुंदी कुणी लिहून ठेवलेली मला सापडली नाही. तिकडच्या फळीचा मिलिमीटर न् मिलिमीटर कागदावर असतो. तुमच्या गोठ्यात किंवा वाड्याच्या पडवीत आजोबांचा पटाचा छकडा पडून असेल, तर धाव काढून भंगारवाल्याला घालण्याआधी तो एकदा काट्यावर चढवा. टेप लावा, आकडे वहीत उतरवा आणि खाली सुताराचं आणि गावाचं नाव लिहा.