रात्रपाळी भिलाईची, जागरण बाळाचं

नागपूरहून गाडीत बसलं की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव आणि मग दुर्ग. साधारण चार तासांचा प्रवास. दुर्गला उतरून रिक्षात बसलात की थोड्याच वेळात रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना मोठमोठी झाडं आणि एकसारखी दिसणारी क्वार्टर्स सुरू होतात. समजायचं, भिलाई आली!

जानेवारीत मी तिथे पोहोचले ती पर्यटक म्हणून नाही, मावशी म्हणून. ताईचं बाळ तीन आठवड्यांचं झालं होतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे तिला जाता येईना. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होणारं. त्यामुळे "तूच जा गं" असा हुकूम निघाला आणि डिंकाच्या लाडवांचे दोन डबे घेऊन मी निघाले.

भिलाई बघायची तर रात्री बघा, असं मी तुम्हाला सांगेन. 2 फेब्रुवारी 1955 ला भारत आणि सोव्हिएत रशियाचा करार झाला आणि इथे पोलाद कारखाना उभा राहिला. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. आपली रेल्वे ज्या रुळांवरून धावते, त्यातले बहुतेक रूळ इथलेच. भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत, म्हणून गावही पुरतं झोपत नाही. सकाळी 6, दुपारी 2 आणि रात्री 10 अशा तीन पाळ्या. रात्री पावणेदहाला स्कूटरींची रांग कारखान्याकडे जाते आणि सव्वादहाला दुसरी रांग घराकडे येते. कारखान्याच्या दिशेचं आभाळ कधी कधी तांबूस दिसतं.

अशा गावात एक इवलंसं बाळ आलं होतं आणि त्याने चौथी पाळी सुरू केली होती!

गोरसीची रात्र

ताईच्या सासूबाईंना मी काकू म्हणते. त्या मूळच्या अमरावतीच्या, पण लग्नानंतरचं सगळं आयुष्य भिलाईत गेलं. त्यामुळे त्यांच्या बाळंतिणीच्या खोलीत दोन्हीकडच्या रीती सुखाने नांदतात. ओवा-बाळंतशोपांची धुरी आपली आणि गोरसी छत्तीसगडची. गोरसी म्हणजे मातीची शेगडी. त्यात गोवरीचे निखारे ठेवतात आणि बाळ-बाळंतिणीला शेकतात. शेजारच्या आजी रोज डोकावून विचारायच्या, "लइका ला जाड़ तो नइ लागत हे?" बाळाला थंडी तर वाजत नाही ना?

मी गेल्यानंतरच्या चौथ्या रात्री थंडी जास्त होती. काकूंनी खिडकीच्या फटीत कागद कोंबले, दार लावलं आणि गोरसी पलंगाजवळ ठेवली. खोली छान उबदार झाली. तासाभराने ताई म्हणाली, "डोकं जड झालंय गं." मला वाटलं, जागरणामुळे असेल. माझंही डोकं ठणकतच होतं.

तेवढ्यात भाऊजी दुसऱ्या पाळीहून आले. दार उघडलं, गोरसीकडे पाहिलं आणि एक शब्दही न बोलता ती उचलून अंगणात नेऊन ठेवली. मग खिडक्या उघडल्या आणि आम्हा सगळ्यांना बाहेर व्हरांड्यात बसवलं. काकू संतापल्या. "तुलाही मी अशीच शेकली होती, काही झालं का?"

भाऊजींनी खिशातून हाताच्या तळव्यात मावेल असं यंत्र काढलं. झोतभट्टीच्या परिसरात काम करताना ते अंगावर लावतात. हवेत कार्बन मोनॉक्साइड वाढला की ते ओरडतं. या वायूला ना रंग, ना वास. झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत तो भरपूर असतो. जून 2014 मध्ये याच कारखान्यात वायुगळती होऊन 6 जणांचा जीव गेला होता. "आई," ते म्हणाले, "तिथे ज्याच्यासाठी आम्ही यंत्र लावून फिरतो, तोच वायू या निखाऱ्यातून निघतो. तिथे निदान भोंगा वाजतो. इथे कोण वाजवणार?"

काकू गप्प झाल्या. त्याच रात्री आम्ही बाळाला आणि ताईला डॉक्टरांकडे नेलं. सुदैवाने सगळं ठीक होतं. पण पुढचा तासभर माझे हात थरथरत होते, हे तुमच्यापासून कशाला लपवू?

एक गोष्ट लक्षात ठेवा. कोळसा, लाकूड किंवा गोवरी बंद खोलीत जळत असेल आणि एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं, तर ते दमणूक समजू नका. आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि डॉक्टरांना गाठा.

काकूंचंही खरंच होतं

दुसऱ्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. मला वाईट वाटलं, कारण त्यांची काळजी खोटी नव्हती. थंडी नवजात बाळाला खरोखर घातक ठरू शकते, आणि हे सिद्ध करणारं मोठं काम छत्तीसगडला लागून असलेल्या आपल्या गडचिरोलीत झालं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. जंतुसंसर्ग ओळखणं, श्वास अडकला तर मदत करणं, अंगावर पाजणं आणि बाळाला ऊब देणं, हे सगळं त्यात होतं. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू, हा उपक्रम नसलेल्या गावांच्या तुलनेत, सुमारे 62 टक्क्यांनी कमी झाले होते.

मी हे काकूंना वाचून दाखवलं. "म्हणजे ऊब पाहिजेच ना?" त्यांनी विचारलं. पाहिजेच! प्रश्न फक्त ती कुठून आणायची एवढाच होता. आईच्या उघड्या छातीवर बाळ ठेवून वरून पांघरूण घालायचं, ही सर्वांत स्वस्त आणि धूर नसलेली शेगडी. याला कांगारू पद्धत म्हणतात. 2021 मध्ये भारतासह पाच देशांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अगदी कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं ठेवलं, तर पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 25 टक्क्यांनी कमी होतात, असं त्यात दिसलं. फक्त तेव्हा आई जागी हवी किंवा कुणीतरी लक्ष ठेवून हवं, आणि बाळाचं नाक-तोंड मोकळं हवं.

मग तह झाला. संध्याकाळी खोली रिकामी असताना, खिडकी उघडी ठेवून गोरसीने ती गरम करायची आणि बाळ-बाळंतीण आत जायच्या आधी गोरसी अंगणात. रात्री बाळाला झबलं, पायमोजे आणि अंगाबरोबर बसणारं पांघरूण. काकू त्या दिवशी दोन लाडू जास्त खाल्ल्या.

मितानिनचा प्रश्न

ताईकडे कामाला येणाऱ्या मावशी खुर्सीपारला राहतात. त्यांच्या सुनेलाही बाळ झालं होतं आणि त्यांनी आम्हाला छट्ठीला बोलावलं. आपल्याकडे सहाव्या दिवशी सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, तसाच हा इथला सहावा दिवस. बायकांची गाणी झाली आणि बाळंतिणीसाठी उकळलेलं औषधी कांके पानी आम्हालाही मिळालं.

तिथेच मितानिन भेटली. छत्तीसगडीत मितानिन म्हणजे जिवाभावाची मैत्रीण. छत्तीसगडने 2002 मध्ये गावोगावच्या बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन हे नाव दिलं. देशभरातल्या 'आशा' ताई त्यानंतरच्या. तिने बाळाचं वजन केलं, ताप पाहिला आणि मग सगळ्यांसमोर थेट विचारलं, "रात में बच्चा किसके बगल में सोता है?"

सून म्हणाली, "माझ्या." सासू म्हणाली, "कधी त्याच्या आज्याजवळ." मितानिनने आजोबांकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं, "जिस दिन पी के आओ, उस दिन दूर सोना." सगळे हसले, आजोबाही हसले. पण त्या एका वाक्यात जगभरातलं संशोधन होतं.

बाळाने आईच्या कुशीत झोपावं की वेगळं, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, पहिले निदान सहा महिने बाळ आईच्या खोलीत असावं, पण त्याचं अंथरूण वेगळं असावं. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स मॅकेना आणि इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठातल्या हेलन बॉल यांनी आई-बाळांना झोपेत न्याहाळलं. अंगावर पाजणारी आई बाळाकडे तोंड करून, त्याच्याभोवती कमान करून झोपते, असं त्यांना दिसलं. मात्र काही गोष्टींवर सगळ्यांचं एकमत आहे. दारू प्यायलेल्या, झोपेचं औषध घेतलेल्या किंवा विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाजवळ बाळ झोपवू नये. वेळेआधी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळाला वेगळंच झोपवावं. आणि सोफ्यावर बाळ घेऊन कधीच झोपू नये.

हे शेवटचं मला आतपर्यंत टोचलं. कारण आदल्याच रात्री तीन वाजता ताई सोफ्यावर बसून पाजता पाजता झोपी गेली होती. "पलंगावर झोप लागेल" या भीतीने ती मुद्दाम सोफ्यावर बसली होती! सोफ्याच्या फटीत बाळ घसरतं, त्याचं नाक दबतं. डुलकी लागेल असं वाटत असेल, तर कडक गादीचं मोकळं अंथरूण सोफ्यापेक्षा कमी धोक्याचं. ताईची गादी आम्ही त्याच दिवशी जमिनीवर आणली आणि शेजारी बाळाची छोटी सपाट गादी घातली. दमून आलेल्या भाऊजींची रवानगी पलीकडच्या खोलीत झाली.

उशी, झोळी आणि काळा दोरा

घरोघरी असणाऱ्या आणखी काही गोष्टी सांगते.

डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी ठेवतात. झोपलेल्या बाळाजवळ उशी, जाड गोधडी, मऊ खेळणी काही नको. डोक्याच्या आकारासाठी बाळ जागं असताना, तुमच्या नजरेसमोर, थोडा वेळ पालथं ठेवा. झोपताना मात्र उताणंच. "उताणं झोपलं तर दूध घशात जाईल," असं काकू म्हणायच्या. खरं तर उताणं असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे निरोगी बाळ गुदमरत नाही. अमेरिकेत 1994 मध्ये बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतले अचानक मृत्यू निम्म्याने घटले.

साडीची झोळी बाळाला आवडते, पण तिच्यात मान वाकून हनुवटी छातीला टेकते. डोळा लागला की सपाट गादीवर ठेवा. गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत रात्री काढून ठेवा. तीट लावायला कुणाची ना नाही!

आणि बाळ झोपावं म्हणून स्वतःच्या मनाने सर्दी-खोकल्याचं औषध कधीही देऊ नका. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका बाळांना अफूची बाळगोळी देत. त्यांना दोष कसा द्यायचा? पाळी चुकली तर पगार जायचा आणि घरी बाळ सांभाळायला कुणी नसायचं. पण ती झोप बाळाच्या जिवावर बेतायची.

फ्रिजवरचा कागद

नवजात बाळ दिवसाला 14 ते 17 तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी. दिवस-रात्र कळायला त्याला दोन-तीन महिने लागतात. तोवर एकट्या आईने जागायचं, ही आपल्या घरांची जुनी चूक. पोलादाच्या गावात एका माणसाला सलग 24 तास भट्टीवर ठेवतात का?

भाऊजींनी एक कागद घेतला आणि त्यावर पाळ्या लिहिल्या. रात्री 8 ते 11 काकू, ताईने त्या वेळात झोपायचं. 11 ते 2 ताई. 2 ते 5 मी, बाळाला भूक लागली तरच ताईला उठवायचं. 5 नंतर भाऊजी, आणि रात्रपाळी असेल त्या आठवड्यात त्यांच्या जागी शेजारच्या आजी. कागद फ्रिजवर चिकटवला. तीन दिवसांत ताईच्या चेहऱ्यावर हसू दिसलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी एकटीच मैत्री बागेत जाऊन आले. भारत-रशिया मैत्रीची आठवण म्हणून 1972 मध्ये केलेली ही बाग. तुम्ही गेलात तर पांढरे वाघ नक्की बघा. मी गेले तेव्हा वाघ गाढ झोपले होते आणि मला त्यांचा खूप हेवा वाटला.

परतीच्या दिवशी पहाटे पाचला काकू अंगणात बसल्या होत्या. गोरसी पेटलेली, वर मोकळं आभाळ आणि शेजारच्या आजी हात शेकत होत्या. खिडकीतून बाळ दिसत होतं, उताणं, दोन्ही मुठी डोक्याशी. काकू आजींना समजावून सांगत होत्या, "आग बाहेर, बच्चा अंदर. अब यही नियम है." सहा वाजता रात्रपाळीच्या स्कूटरी परतू लागल्या आणि माझी रिक्षा दुर्गकडे निघाली.