'मस्ट'चा अर्थ

आमच्या घरात इंग्रजी वाचणारा मी पहिलाच. त्यामुळे औषधाची बाटली असो की दवाखान्याचा कागद, सारे माझ्यापुढे येते. आणि मीही, कळले नाही तरी कळल्यासारखे वाचून दाखवतो. 'मला समजत नाही' असे म्हणायला लागणारे धैर्य माझ्या अंगी नव्हते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर अण्णांचा खोकला हटेना. अण्णा खडी क्रशरवर कामाला. तालुक्याच्या गावी जाऊन छातीचा फोटो काढला. सोबत चार ओळींचा कागद मिळाला. "काय लिवलंय रं त्यात?" अण्णांनी एस. टी.तच विचारले. पहिल्या ओळीत 'मे बी इन्फेक्शन' असे काहीसे होते, ते मी ओलांडून गेलो. नजर अडकली ती शेवटच्या ओळीवर : 'ट्युबरक्युलोसिस मस्ट बी रूल्ड आउट'. 'मस्ट' म्हणजे 'च', हे शाळेत पाठ केलेले. मी म्हणालो, "टी. बी. आहेच म्हणून लिहिलंय."

अण्णा पुढे काही बोलले नाहीत. त्या रात्री आईने त्यांचे ताट आणि तांब्या वेगळा काढला. डॉक्टरांची भेट पुढच्या सोमवारी होती.

त्याच आठवड्यात मॅडमनी वर्गात 'मोडल्स' शिकवायला घेतले. म्हणाल्या, "मित्राच्या घरात दिवा जळतोय, चपला दारात आहेत, तर 'ही मस्ट बी ॲट होम'. नुसताच अंदाज असेल तर 'मे'. त्याहून दुबळा अंदाज म्हणजे 'माइट'. आणि तो आत्ताच बाजारात भेटला असेल तर 'कान्ट'." 'माइट' म्हणजे नेहमी भूतकाळच नव्हे, हेही त्या दिवशी प्रथम कळले. शेवटी त्यांनी सांगितले, "मात्र हाच 'मस्ट' कर्तव्यही सांगतो. कुठला ते वाक्य पाहून ठरवायचं."

तास संपल्यावर मी तो कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, "अरे, हा कर्तव्याचा 'मस्ट'. क्षय नाही ना, याची तपासणी करून खात्री केलीच पाहिजे, एवढंच म्हटलंय. आहे असं कुठं म्हटलंय?"

घरी येताना मराठीचा विध्यर्थ आठवला. 'मुलांनी खरे बोलावे' यात कर्तव्य आहे, 'अण्णा घरी असावेत' यात तर्क. रूप एकच, कामे दोन. जे आईच्या बोलीत मला न शिकता येत होते, ते इंग्रजीच्या धाकाने मी विसरलो होतो.

घरी सांगितले, "असेलही, नसेलही. थुंकी तपासायची आहे." तपासली. क्षयच निघाला. आई म्हणाली, "तू म्हनाला व्हतास तेच निघालं की!"

निघाले खरे. पण त्यामुळे माझी चूक बरोबर ठरत नाही. मी 'आहेच' म्हणालो तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हते, त्या कागदालाही नाही. आणि माझ्या एका 'च'पायी अण्णा आठवडाभर कोपऱ्यात बसून एकटे जेवले. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरांनी नंतर सांगितले की, हा रोग ताटवाटीतून पसरत नाही, खोकल्यावाटे हवेतून पसरतो. औषध तिथे फुकट मिळाले. सहा महिने एकही दिवस न चुकवता अण्णांनी ते घेतले आणि ते बरे झाले.

आता कुणी कागद पुढे केला की मी आधी 'मे' शोधतो, 'मस्ट' शोधतो. नाही कळले तर तसे सांगतो. जड जाते, पण सांगतो.

परवा परीक्षेला निघालो तेव्हा अण्णा दारात उभे होते. म्हणाले, "तू पास व्हावंस, बस्स." हे कर्तव्य, तर्क की इच्छा? विध्यर्थात तिन्ही बसतात. मी विचारले नाही. नमस्कार केला आणि एस. टी. गाठली.

— द्वितीय वर्ष, कला