काळी पडलेली उर्वशी

कँडीला जाणारे बहुतेक जण दंतमंदिर बघतात, तळ्याकाठी फोटो काढतात आणि पुढच्या हिल स्टेशनची गाडी पकडतात. तुम्ही तसं करू नका. सहा-एक किलोमीटरवर पेराडेनिया आहे. तिथं महावेली नदीच्या वळणात १८२१ सालची बोटॅनिकल गार्डन वसली आहे. अर्धा दिवस हाताशी ठेवा, आणि पायात बूटच घाला.

तिथं उर्वशी शोधा. राणीच्या बागेत तिला पाहिलं असेल तर लगेच ओळखाल. झुंबरासारखे लोंबणारे लाल घोस, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. मूळची ही ब्रह्मदेशची. मी मोबाईलवर धडाधड वीस फोटो मारले.

१८७०च्या दशकात हे काम इतकं सोपं नव्हतं. तेव्हा कँडीत चार्ल्स स्कोवेनचा स्टुडिओ होता आणि सिलोनची फुलं-फळं टिपण्यात त्याचा हातखंडा होता. त्या काळी काचेवर ओलं कलोडियन पसरायचं आणि ते वाळायच्या आत फोटो काढून, धुऊन मोकळं व्हायचं. तेही इथल्या उकाड्यात! झुळूक आली की पाकळी हलली, म्हणजे काच वाया. फांदी कापून साध्या पडद्यापुढे मांडणं त्यातल्या त्यात सोयीचं. अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचे ते तपकिरी प्रिंट आजही देखणे दिसतात. पानाची शीर न् शीर मोजून घ्या.

फक्त त्या काचेला लाल रंग दिसायचाच नाही. तिला निळा कळायचा. लालभडक फूल उतरायचं काळंभोर. मी फोनवर निळा फिल्टर लावून पाहिलं. बायको म्हणाली, ‘‘अहो, सुकलंय का हे?’’

मग रंग कोणी सांभाळला? त्याच बागेतल्या सिंहली चित्रकारांनी. हर्मानिस डी अल्विस यांनी इथं ३८ वर्षं वनस्पतींची चित्रं काढली, पुढे मुलांनीही ब्रश हाती घेतला. स्कोवेनच्या फोटोवर कोपऱ्यात कंपनीची सही असते, परदेशातली म्युझियम्स ते फोटो मिरवतात. डी अल्विस हे नाव मात्र मी कँडीतल्या आमच्या गाईडला विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘क्रिकेटर?’’

त्यांचं नाव एका ऑर्किडला दिलंय, टीनिओफायलम अल्विसी. झाडाच्या सालीला चिकटून राहणारं, इवलंसं. त्याला पानंसुद्धा नसतात.