चहाबरोबर बटर

माझ्या माहेरी, सांगलीला, बटर म्हणजे लोणी नव्हे. बेकरीतला तो गोल, कडक, दोनदा भाजलेला छोटा पाव म्हणजे बटर. चहात बुडवायचा, मनात तीन मोजायचे आणि पटकन उचलायचा. चौथा आकडा मोजला की तो कपाच्या तळाशी गेलाच म्हणून समजा!

लग्न होऊन कतारगामला आले. हेच बटर इथे जिरं घालून मिळतं, हे कळायला मात्र चार वर्षं गेली, कारण बाजारचं काही घरात येतच नसे. सासूबाईंनी महाराजांसमोर नियम घेतलेला. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, थंडीत ७. तिथे सहा महिने टिकणाऱ्या पुड्याला कोण विचारतं? त्यात ह्यांनी एकदा कौतुकाने सुरतेच्या बेकऱ्यांची गोष्ट सांगितली. डच लोक गेले, भट्ट्या पारशी दोतीवालांकडे आल्या, पूर्वी पाव ताडीने फुगवत, तो वाळला की चहाबरोबर खाण्याची सवय लोकांना लागली... सासूबाईंनी त्यातला ‘ताडी’ एवढा एकच शब्द ऐकला.

मग मी चोरून खायला लागले. दुपारी त्या सामायिकाला बसल्या की डब्यामागून पुडी काढायची. पंचवीस वर्षं! बुडवताना चमचासुद्धा वाजू दिला नाही.

यंदा त्यांचे उरलेले दातही काढले. खाखरा चावेना. चहात भिजवला तर त्याचा चामड्यासारखा लोळा होतो. चार दिवस नुसता चहा पिऊन उठल्या, ते बघवेना. शेवटी बेकरीत गेले. सुट्टी बटरं, त्यांच्यावर ना हिरवा ठिपका ना काही. विचारलं, ‘‘अंडं?’’ ‘‘ना बेन.’’ यीस्टचं मी मुद्दामच विचारलं नाही.

बशी त्यांच्यापुढे ठेवली.

‘‘विचारलंस सगळं?’’

‘‘अंडं नाही म्हणाला.’’

‘‘आणि बाकीचं?’’

मी गप्प. खोटं बोलायला जीभ वळेना, आणि खरं तर त्या ओळखूनच होत्या.

त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. ‘‘खा तू. डब्यामागची संपली असेल.’’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे इतकी वर्षं...

‘‘जिऱ्याचा वास मला येत नाही होय? खा आता समोर बसून.’’

मी बुडवलं. हात थरथरत होता, मोजायचं राहिलं, अर्धं कपात पडलं. त्या वाकून बघत होत्या.

‘‘आत मऊ होतं का गं? गोड असतं?’’

‘‘गोड नाही हो, आई. किंचित खारट. तुपासारखं लागतं.’’

‘‘हं,’’ म्हणाल्या, आणि खाखऱ्याचा चुरा करून स्वतःच्या चहात टाकला. मग चमचा मागितला. माझ्या कपातलं बाहेर काढून द्यायला.