दावणीची मोटार

आमच्या जालन्याला ‘सोने का पालना’ म्हणायची जुनी रीत आहे. त्या पाळण्यात माझ्या वाट्याला सोने काही आले नाही. आली ती मास्तरकी, आणि दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब फुकट तपासून देण्याची खोड. म्हणून गेल्या दिवाळीत बदनापूरकडून पुतण्या आला आणि फराळाची ताटली बाजूला सारून “काका, एक हिशेब दाखवायचा आहे,” म्हणाला, तेव्हा मी चष्मा पुसून सावरून बसलो.

हिशेब मोटारीचा होता! आमच्या दादाची, म्हणजे त्याच्या वडिलांची, जमीन समृद्धी महामार्गात गेली. दादाही पुढे गेला. मोबदल्याचे पैसे तेवढे बँकेत राहिले. जून २०२५ मध्ये नागपूर-मुंबई असा ७०१ किलोमीटरचा तो रस्ता पुरा खुला झाला, आणि उरलेल्या बांधावर उभे राहून मोटारी बघता बघता पोराचा जीव एकीत अडकला. गाडी लॅम्बोर्गिनी, जातीची गॅलार्डो, वापरलेली, मुंबईच्या एका दलालाकडची. किंमत ऐकून आमच्या सौ.च्या हातातली करंजी हातातच राहिली.

“हौस नाही, काका. गुंतवणूक आहे,” तो घाईने म्हणाला. “अशा गाड्यांचे भाव चढतच जातात.”

त्याचे म्हणणे अगदीच वाऱ्यावरचे नव्हते. मॅक्लारेन एफ-वन नावाची गाडी १९९२ ते १९९८ या काळात बनली. तेव्हा तिची किंमत सुमारे ५ लाख ४० हजार पौंड होती. १९९५ सालची तशी एक गाडी २०२१ मध्ये अमेरिकेत लिलावात निघाली आणि २ कोटी डॉलरच्या वर गेली. पण त्या साऱ्या मिळून बनल्या १०६! आणि ही गॅलार्डो? २००३ ते २०१३ या दहा वर्षांत १४,०२२. महाग वस्तू आणि दुर्मिळ वस्तू या दोन वेगळ्या जाती आहेत, हे मोंढ्यातला हमालसुद्धा सांगेल.

“पण आपल्या देशात थोड्याच आहेत ना?” पुतण्याने दलालाचा मुद्दा पुढे केला. “तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी बाहेरून आणता येत नाही. म्हणजे नवी भर नाही.”

“भर नाही, कबूल. पण गिऱ्हाइके किती? अडीनडीला सोयाबीनचे पोते मोंढ्यात नेले तर संध्याकाळपर्यंत पैसे हातात येतात. ही गाडी कोणत्या मोंढ्यात नेशील? शिवाय विमा, देखभाल, पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण. भाव चढला, तरी आधी हा खर्च फिटला पाहिजे, मग नफा.”

सचिन तेंडुलकरच्या फेरारीची गोष्टही मी सांगितली. २००२ मध्ये भेट मिळालेल्या त्या गाडीवरचा आयात कर कोटीच्या वर होता. तो माफ झाला म्हणून गदारोळ उठला, आणि अखेर फियाट कंपनीने तो भरला. भेटीचा घोडादेखील दाणा खातोच. पुढे २०११ मध्ये सचिननेही ती गाडी सुरतेच्या एका व्यापाऱ्याला विकून टाकली.

पुतण्या गप्प बसला. मला वाटले, जिंकलो. तेवढ्यात आतून सौ. म्हणाली, “सागाच्या झाडांचेही सांगा की त्याला.”

वाचकहो, नव्वदीच्या दशकात मीही एका योजनेत पैसे घातले होते. साग लावायचा, वीस वर्षांनी लखपती व्हायचे! कागदावरची झाडे इतकी हिरवीगार होती, की तिच्या पाटल्या मोडताना माझा हात कापला नाही. झाड एकही पाहायला मिळाले नाही. तिने पाटल्यांचा उल्लेख पुन्हा कधी केला नव्हता. त्या दिवशीही केला नाही. मी ती हकीकत पोराला सांगितली, आणि सांगताना मान वर झाली नाही.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “पण बाबांनी लाल कंधारी जोडी आणली होती, तेव्हा कुठे हिशेब केला होता?”

खरे होते. माळेगावच्या जत्रेतून दादाने ती जोडी आणली, तेव्हा साऱ्या गावाने त्याला वेड्यात काढले होते. परंतु विकताना काय येतील, हे दादाने कधी विचारले नाही. पोळ्याला तो त्यांच्या शिंगांना स्वतः रंग द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी औताला जुंपायचा. लिलावातली ती मॅक्लारेन मात्र २६ वर्षांत ३९० किलोमीटरच्या आसपास चालली होती. जालन्याहून मुंबई गाठायला जेमतेम पुरावी, एवढी! ती न चालण्यालाच मोल होते.

“हौस म्हणून घ्यायची तर घे,” मी म्हणालो, “पैसे खर्चाच्या बाजूला मांड आणि खुशाल पळव. गुंतवणूक म्हणून घेशील, तर ती दावणीला बांधून राखावी लागेल. प्रत्येक किलोमीटरला तुझाच जीव तुटेल. दोन्ही सुखे एका गाडीत बसत नाहीत. तिला आसनेच दोन, पण त्यांवरही नाही.”

तो हसला, पण उत्तर न देता गेला.

संक्रांतीला फोन आला. अंबडकडे चार एकर मोसंबीची बाग बघितली होती. विहिरीला पाणी आहे की नाही, ते बघायला मी यावे. परतताना त्याने महामार्गावरच्या पुलाशी मोटारसायकल थांबवली. खालून एक लाल, बुटकी मोटार गर्जत गेली. ज्या पट्ट्यावरून ती गेली, तिथे दादाची विहीर होती.

पोर ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले. मग किक मारून म्हणाले, “काका, आवाज मात्र झकास होता हं.”

मी नाही म्हटले नाही.